आठवा बिट आणि मराठी अक्षर : डेटा स्विच पारखताना

साहित्याच्या प्राध्यापकाने संगणकाच्या जोडणीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण १९९३ साली सुरतेतील आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर असताना मला डेटा स्विच निवडण्याच्या कामात पडावे लागले, आणि ते काम शेवटी भाषेचेच निघाले.

ग्रंथालयात संगणक एक आणि टर्मिनल पाच. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक. साठवण आणि शोध हे सारे मूळ संगणकात. त्याची मोकळी पोर्ट मात्र दोनच होती. पाच टर्मिनलांना दोन वाटा आळीपाळीने देणारी पेटी म्हणजे डेटा स्विच.

आमच्यापुढे दोन प्रकार आले. पहिल्यात हाताने मूठ फिरवायची. आत तारांना तारा जुळतात, बाकी काही नाही. स्वस्त, आणि बिघडण्यासारखे आत फार थोडे. मात्र आधीच्या माणसाने आपले काम बंद न करता मूठ फिरवली, तर पुढच्याच्या पडद्यावर त्याचेच काम उघडे मिळते. शिवाय काही स्वस्त पेट्या पंचवीस पिनांपैकी तीनच तारा पुढे नेतात. ‘थांब, माझे भरले आहे’ असे प्रिंटर ज्या तारांवरून सांगतो, त्या मध्येच तुटतात, आणि छापताना मजकूर गळतो. कधी अर्धी ओळ जाते, ती लक्षात तरी येते. एखादा अनुस्वार गेला तर ‘वंदन’चे ‘वदन’ होते आणि कोणाला शंकाही येत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. ही पेटी आलेले अक्षर वाचते, थोडा वेळ स्मृतीत ठेवते, रांग लावते आणि मग पुढे पाठवते. समितीचा कल हिच्याकडे होता. चाचणीत इंग्रजी ग्रंथनामे बिनचूक आली. मराठी आणि गुजराती नावांच्या जागी मात्र रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची खिचडी उमटली. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, “सर, मशीन बरोबर आहे. तुमच्या लिपीचाच प्रॉब्लेम आहे. नोंदी इंग्रजी अक्षरांत करा.” समितीतले दोघे-तिघे राजीही झाले. रोमनमध्ये ‘काळ’ आणि ‘काल’ एकच होतात, ‘मन’ आणि ‘मान’ यांतला भेद जातो, मग विद्यार्थ्याने पुस्तक शोधायचे कसे, हे मला तेव्हा पुनःपुन्हा सांगावे लागले.

दोष लिपीचा नव्हता. आमची टर्मिनल पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राची होती. ती इस्की या संकेतावर चालत. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो मानक म्हणून स्वीकारला होता. त्यात प्रत्येक वर्णाला एक क्रमांक असतो, आणि मराठी ‘क’ व गुजराती ‘क’ यांचा क्रमांक एकच. लिपीचे रूप टर्मिनल देते. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग ज्या गावात दुर्गाराम मेहतांबरोबर मानवधर्म सभेचे काम करत होते, त्या गावी ही सोय मला विशेष आवडली.

आता क्रमांकांकडे पाहू. सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात, आणि तेवढ्यात इंग्रजीचे भागते. भारतीय वर्ण त्यापुढे, आठवा बिट लागणाऱ्या भागात आहेत. ‘क’ १७९, ‘म’ २०४, ‘ल’ २०९. चाचणीतली पेटी सात बिटांवर लावलेली होती. आठव्या जागी ती सरसकट शून्य टाकी. म्हणजे प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा. १७९चे झाले ५१, तो तीनचा आकडा. २०४चे ७६, म्हणजे रोमन एल. २०९चे ८१, म्हणजे क्यू. ‘कमल’ची ‘तीन-एल-क्यू’ झाली ती अशी. इंग्रजीचा आठवा बिट मुळातच शून्य असल्याने तिला धक्का लागला नाही, आणि पेटी निर्दोष भासली. मूठवाल्या पेटीतून हीच नावे नीट येत होती, कारण ती काही वाचतच नाही. माझा संशय तिथूनच बळावला.

पेटीच्या मागे चिमुकल्या खटक्यांची रांग होती. माहितीपुस्तिका पाहून ग्रंथपालांनी दोन खटके बदलले : आठ बिट, पॅरिटी नाही. नावे आली. मग आम्ही जोडाक्षरे, अनुस्वार आणि ‘ळ’ यांनी भरलेले एक पान मराठीत आणि एक गुजरातीत तयार केले, पाचही टर्मिनलांवरून एकाच वेळी पाठवले, आणि छापील प्रत मुद्रिते तपासावीत तशी अक्षरशः तपासली. इतर विक्रेत्यांच्या पेट्यांनाही तीच दोन पाने लावली. एका पेटीत आठ बिटांची सोयच नव्हती; ती किमतीने सर्वांत कमी असूनही बाद केली.

आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात आणि तिन्हींत आठवा बिट असतो. हल्लीचा नेटवर्क स्विच पाकिटावरचा पत्ता पाहतो, आतला मजकूर बदलत नाही. तरीही मराठी मजकूर कुठे विस्कटलेला दिसला, की मी आधी तो कोणकोणत्या यंत्रांतून आला ते विचारतो.

आम्ही घेतलेल्या पेटीच्या झाकणावर ग्रंथपालांनी खटक्यांची आकृती चिकटवली. रोमन नोंदींचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत निघाला नाही.