टेकडीच्या पायथ्याचं घर

देवासची टेकडी इंदूरकडून येताना दुरूनच दिसते. वर दोन देव्या आहेत. धाकटी माता चामुंडा आणि थोरली माता तुळजाभवानी. तुळजापूरच्या आईचं नाव माळव्यातल्या टेकडीवर कसं पोचलं, हे कोणा मराठी माणसाला सांगावं लागत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार सरदार इकडे आले. धारला एक गादी झाली, आणि तुकोजी व जिवाजी या दोघा भावांमुळे देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. पुरुष मोहिमेवर आले, वतनं मिळाली, राहिले. इतिहास एवढं नोंदवून पुढे जातो. त्यांच्यामागून माहेर सोडून या अनोळखी मुलखात आलेल्या बायकांबद्दल मात्र फारसं लिहिलं गेलेलं नाही.

धारच्या मैनाबाई हा त्याला अपवाद. 1807 मध्ये आनंदराव पवार वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी संस्थान पोखरलेलं, आणि घरातलाच मुरारराव गादीवर डोळा ठेवून बसलेला. मैनाबाईंनी मांडूचा किल्ला गाठला. तिथे त्यांना मुलगा झाला, रामचंद्रराव. तो लहानपणीच गेला, तेव्हा त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचं नावही रामचंद्ररावच ठेवलं आणि गादी राखली. 1819 मध्ये इंग्रजांशी तह होऊन धार उभी राहिली, ती या बाईनं बारा वर्षं हार मानली नाही म्हणून. माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन माल्कमनंही त्यांची आदरानं दखल घेतली आहे.

पण मला आज सांगायचं आहे ते टेकडीच्या पायथ्याच्या एका घराबद्दल. ‘माताजी का रास्ता’ म्हणतात त्या वाटेवर हे घर आहे, त्याचं नाव ‘भानुकुल’. लोक त्याला गायक कुमार गंधर्वांचं घर म्हणतात. नाव मात्र भानुमतींचं आहे.

भानुमती कंस मूळच्या कराचीच्या. गाणं शिकायला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात आल्या. तिथे लहान वयातच शिकवू लागलेले कुमारजी त्यांचे गुरू झाले. 1947 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत कुमारजींना क्षय झाल्याचं निदान झालं. कोरडी हवा हवी म्हणून माळवा गाठायचं ठरलं. 30 जानेवारी 1948 ला ते देवासला पोचले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

पुढची काही वर्षं कुमारजींना गायला बंदी होती. ते अंथरुणावर, आणि घर चालवायचं भानुमतींनी. त्यांनी देवासमध्ये शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. सकाळी घरचं आवरायचं, औषधपाणी करायचं, शाळेत जायचं, परतल्यावर पुन्हा शुश्रूषा. त्यांचं माहेरचं शहर तोवर दुसऱ्या देशात गेलं होतं. परत जाता येईल असं काही मागे उरलंच नव्हतं. कुमारजींच्या चरित्रात ही वर्षं ‘आजारपणाचा काळ’ म्हणून येतात. भानुमतींच्या बाजूनं पाहिलं तर हा त्यांच्या कर्तृत्वाचा काळ होता, आणि तो तसाच लिहिला जायला हवा.

याच काळात खिडकीतून माळवी गाणी आत येत होती. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढून म्हणतात ती गाणी, आपल्याकडच्या हादग्याची आणि भुलाबाईची जणू सख्खी बहीणच. लग्नातली, बाळंतपणातली, पावसाची गाणी. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या या धुना कुमारजी पडल्या पडल्या ऐकत राहिले. रागांचं बीज लोकधुनांत असतं, हे त्यांचं म्हणणं या ऐकण्यातून पक्कं झालं, आणि पुढे त्यांनी बांधलेल्या नव्या रागांना ते ‘धुनउगम’ म्हणाले. शेजारपाजारच्या त्या गाणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांचं ऋण मोठं आहे.

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागलं आणि कुमारजी बरे झाले. एका फुप्फुसाच्या बळावर 1953 पासून पुन्हा मैफली सुरू झाल्या. 1956 मध्ये मुकुलचा जन्म झाला. 1961 मध्ये दुसऱ्या मुलाच्या, यशोवर्धनच्या, बाळंतपणात भानुमती गेल्या.

पुढच्या वर्षी कुमारजींशी लग्न होऊन या घरात वसुंधरा श्रीखंडे आल्या. जन्म जमशेदपूरचा, 1931 चा. वाढल्या कोलकात्यात. बारा वर्षांच्या असताना तिथल्या संगीत परिषदेत त्यांनी कुमारजींना ऐकलं आणि शिकायचं तर यांच्याकडेच, असं ठरवलं. महायुद्धामुळे निघणं लांबलं. 1946 मध्ये त्या मुंबईत आल्या आणि देवधरांकडे त्यांची ग्वाल्हेर घराण्याची तालीम झाली. म्हणजे देवासला आल्या तेव्हा त्या तयार गायिका होत्या. हे आवर्जून सांगायचं, कारण रसिकांनी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं ते कुमारजींच्या मागे तंबोऱ्यावर.

त्या जागेचं मोल गाणाऱ्यालाच कळावं. कुमारजींचा दमसास तोकडा, छोट्या छोट्या तानांचे तुकडे आणि मध्ये श्वासाची जागा. ती जागा रिकामी पडू न देता स्वर धरायचा, आणि तरी पुढे यायचं नाही. ‘गीतवर्षा’सारख्या ऋतूंच्या मैफलींत आणि ‘त्रिवेणी’त सूर-कबीर-मीरेची पदं गाताना तो आवाज बरोबरीनं येतो. निर्गुणी भजनांत तर दोन आवाज एकमेकांना हात देत चालतात.

12 जानेवारी 1992 ला कुमारजी गेले. वसुंधराताईंना मुंबई-पुण्याचा रस्ता मोकळा होता. त्या देवासमध्येच राहिल्या, आणि मग त्यांचं स्वतःचं गाणं लोकांसमोर आलं. 2006 मध्ये पद्मश्री, 2009 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं शिकवणं. मुलगी कलापिनी त्यांच्याकडे घडली. मुकुल शिवपुत्रांचा मुलगा भुवनेश, म्हणजे भानुमतींचा नातू, तोही याच घरात त्यांच्यापुढे बसून शिकला.

29 जुलै 2015 ला वसुंधराताई देवासमध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत घराचं नाव ‘भानुकुल’च राहिलं. ते आजही तेच आहे.