भातलावणीचे दिवस आणि राखणीच्या कुत्र्याचे पाय

भातलावणी सुरू झाली की पालघर, बोईसर व तारापूर भागातील घरांच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ चिखलाची पावले उमटू लागतात. माणसे दारातच पाय धुतात. चिखलणीचे बैल ओढ्यावर नेऊन घासूनपुसून धुण्याची आपली रीतही जुनी आहे. परंतु धन्याच्या मागोमाग बांधाबांधाने हिंडून आलेला कुत्रा मात्र तसाच पडवीत अंग टाकतो. रात्रभर वाडीची राखण ज्याने करावयाची, त्याचे पाय धुण्याची कल्पनाही पुष्कळांना हास्यास्पद वाटते. ती तशी नाही, हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

कुत्र्याच्या पायाखालील गाद्या जाड असल्या तरी बोटांच्या बेचक्यांतील कातडी फार नाजूक असते. तेथे अडकलेला चिखल सुकला म्हणजे केसांसह त्याची ढेकळे होतात आणि प्रत्येक पावलागणिक ती कातडीस घासतात. उलट, बेचके सतत ओले राहिल्यास तेथे बुरशी व अन्य जंतू वाढून कातडी लाल होते आणि तिला दुर्गंधी येते. कुत्रा एकच पाय वारंवार चाटू लागला तर समजावे की दुखणे तेथेच आहे.

दुसरी गोष्ट घरातील माणसांची. खाचरांतील पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते व त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी या रोगाच्या तीव्र प्रकाराचे वर्णन १८८६ साली केले. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर याचे अनेक रुग्ण आढळले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. हातापायांवरील लहानशा जखमेतूनही हे जंतू शरीरात शिरतात. कुत्र्यासही हा रोग होतो आणि बाधित कुत्र्याच्या मूत्रातून तो पुढे पसरू शकतो. मात्र हे जंतू कोरडेपणात तग धरीत नाहीत. म्हणून पाय धुण्याइतकेच ते पुसून कोरडे करणेही महत्त्वाचे आहे. ज्याच्या हातास चीर किंवा जखम असेल, त्याने हे काम रबरी मोजे घालून करावे, अथवा दुसऱ्यावर सोपवावे.

धुण्याची पद्धत सोपी आहे. घाई मात्र उपयोगाची नाही. घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. मनगटावर ओतले असता ते चटका देणारे नसावे. सुकलेली ढेकळे नखाने ओढून काढू नयेत. पाय दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजू दिला की ती आपोआप सुटतात. कुत्र्याच्या समोर वाकून उभे राहण्याऐवजी त्याच्या कुशीला बसावे. पाय उचलताना तो नैसर्गिक रीतीने वळतो त्याच दिशेस, म्हणजे मागे, थोडासा दुमडावा. बाहेरच्या बाजूस ओढू नये. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय उचलूच नये, जमिनीवर असतानाच त्यावर तांब्याने पाणी सोडावे. प्रत्येक बोटाची फट अंगठ्याने हळुवार चोळून, काटा वा गोचीड आहे काय तेही पाहावे. शेवटी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने बोटांमधील ओल टिपून घ्यावी. साबण रोज लावण्याचे कारण नाही. रॉकेल व फिनेल कदापि वापरू नये, कारण कुत्रा पाय चाटतो व ते विष त्याच्या पोटात जाते.

जागेप्रमाणे काळजीही थोडी बदलते. सातपाटी, केळवे, चिंचणीकडील किनाऱ्यावर खडकांवरच्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. तिकडून आलेल्या कुत्र्याच्या गाद्यांवर चीर आहे का, हे आधी पाहावे आणि खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन टाकावे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांलगतच्या नाल्यात कुत्रा उतरला असेल, किंवा नुकत्याच औषध फवारलेल्या अथवा खत टाकलेल्या शेतातून आला असेल, तर उशीर न करता भरपूर वाहत्या पाण्याने पाय धुवावेत, आणि तोवर त्यास पाय चाटू देऊ नयेत.

पाय दुखत असलेला शांत कुत्राही एखादे वेळी चावतो. त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून पिल्लू असल्यापासूनच रोज थोडा वेळ त्याचे पाय हाताळण्याची सवय लावावी, व नंतर भाकरीचा तुकडा द्यावा. मोठ्या कुत्र्यास ही सवय नसेल तर पहिले चार दिवस केवळ ओल्या फडक्याने पाय पुसण्यावर भागवावे. दात लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चावा आपल्याच घरच्या कुत्र्याचा असला तरी यात हयगय करू नये. रेबीज व लेप्टोस्पायरोसिस या दोन्हींवर कुत्र्यासाठी लशी आहेत. त्याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळ्यापूर्वीच विचारावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जनावरांच्या लसीकरणासाठी वाड्या-पाड्यांवर जाताना कुत्र्यांचीही चौकशी केली, तर त्यात त्यांचा फारसा वेळ जाणार नाही.

घमेल्यातील गढूळ पाणी विहिरीजवळ किंवा पाणवठ्याकडे ओतू नये. परसात, मुले खेळतात त्या जागेपासून दूर, खड्डा करून त्यात ते टाकावे, घमेले व फडके स्वच्छ धुऊन ऊन पडताच वाळवावे, आणि हात साबणाने धुतल्यावरच भाकरीच्या टोपलीस हात लावावा.