कपड्यातला बोलका बिल्ला

टोलनाक्यावर मोटार आली, की दांडा आपोआप वर जातो. तुम्ही पाहिले असेल. मोटारीच्या काचेवर फास्टॅगची चिठ्ठी असते. तिच्यात तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आणि धातूची पातळ तार असते. बॅटरी नाही, काही नाही! नाक्यावरचे यंत्र रेडिओच्या लहरी सोडते. त्या लहरींच्या जोरावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते.

तसलाच बिल्ला आता काही मोठ्या दुकानांत कपड्यांना लावतात. दुकानदाराची सोय होते. माल मोजायला गठ्ठे सोडावे लागत नाहीत. मग वाईट काय, असे तुम्ही विचाराल. कपडा दुकानात आहे तोवर काहीच नाही.

पण गुराच्या कानातला पिवळा बिल्ला बघा. तो वाचायला गुरापाशी जावे लागते. हा बिल्ला पिशवीतून, कापडातून, काही हातांवरून वाचता येतो. कोणी वाचला ते आपल्याला कळतही नाही! शिवाय प्रत्येक सदऱ्याचा नंबर निराळा. बिल्ल्यात तुमचे नाव नसते, हे खरे. पण दुकानाने त्या नंबरापुढे तुमचे नाव टिपून ठेवले तर? पुढच्या खेपेला तुम्ही आत पाऊल टाकताच सदराच सांगेल, हे आले म्हणून.

जर्मनीत राइनबर्ग गावी मेट्रो कंपनीने २००३ साली नव्या तऱ्हेचे दुकान काढले. दाढीची पाती, शांपू, चीज अशा थोड्या मालावर बिल्ले होते. ते लोकांना ठाऊक होते. पण २००४ साली उघड झाले, की गिऱ्हाइकांना दिलेल्या कार्डांतही चिप आहे. कार्ड तर माणसाच्या नावाचे! कंपनी म्हणाली, दुकानात सिनेमाचे तुकडे दाखवतो, तिथे वय तपासायला ती चिप आहे. (मग आधी सांगायला काय हरकत होती?) मालावरचे बिल्ले पुसायचे यंत्रही दुकानात होते. ते मालाचा नंबर पुसे, चिपेचा स्वतःचा नंबर मात्र तसाच राही.

गवगवा झाला. कंपनीने ती कार्डे बदलून द्यायचे कबूल केले. तरी २८ फेब्रुवारीला लोक दुकानापुढे निदर्शनाला जमलेच.

तुम्ही शहरातून कपडा आणाल, तेव्हा किमतीची चिठ्ठी उजेडासमोर धरा. आत चकचकीत तारेची नक्षी दिसली, तर तो हाच बिल्ला. कपडा परत करायचा नसेल, तर चिठ्ठी कापून टाका. कधी तो आतल्या शिवणीच्या पट्टीतही असतो, तिथेही बघा.