‘फिकल’ म्हणायचं कुणाला?

मागच्या मंगळवारी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) नवऱ्याच्या वकिलाची नोटीस चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलेली. नोटीस इंग्रजीत, बाई दहावी शिकलेल्या. मुलीनं वाचून दाखवली होती, पण एका शब्दाखाली बाईंनी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

‘‘ताई, हे ‘फिकल माइंडेड’ म्हणजे काय हो? मुलगी म्हणाली, काही विशेष नाही. पण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.’’

‘‘म्हणजे... चंचल,’’ मी चाचरत म्हटलं.

‘‘लक्ष्मीसारखी?’’

हसावं की रडावं, मला कळेना. आपल्याकडे लक्ष्मीही चंचल, वाराही चंचल आणि मनही चंचल. शब्द तसा गोडच. पण ‘फिकल’ तेवढा गोड नाही, एवढं बी.ए.चं इंग्रजी अजून शिल्लक होतं.

घरी आले, कुकर लावला आणि लेकाची जाडजूड डिक्शनरी काढली. जुन्या इंग्रजीत ‘फिकल’चं मूळ रूप ‘फिकोल’, आणि अर्थ चक्क कपटी, फसवा! पुढे कपट मागे पडलं आणि अस्थिरपणा उरला. आज इंग्रजीत हवामान फिकल असतं, नशीब फिकल असतं, काल डोक्यावर घेतलेल्या खेळाडूला आज शिव्या घालणारे प्रेक्षकही फिकल असतात. शेअर बाजार वर-खाली झाला की मात्र ‘व्होलाटाइल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या ‘उडणं’ या क्रियापदावरून आला. क्षणात हसणाऱ्या, क्षणात रुसणाऱ्या माणसाला ‘मर्क्युरिअल’ म्हणतात, म्हणजे पाऱ्यासारखा. आपला ‘क्षणात तोळा, क्षणात मासा’! पण या दोन शब्दांत निष्ठेवर शंका नाही. ‘फिकल’मध्ये आहे. ज्याच्या मायेचा भरवसा नाही, जो काही कारण नसताना बदलतो, तो फिकल.

मैत्रिणींनो, हे ‘कारण नसताना’ फार महत्त्वाचं आहे.

आमच्या या बाई तीन वेळा घर सोडून माहेरी गेल्या, तीन वेळा परत आल्या. पोलिसांत अर्ज दिला, मग मागे घेतला. नोटिशीत हे सगळं तारखांसकट आहे. नाहीत ती कारणं. पहिल्यांदा परतल्या, कारण मुलीची दहावी होती. दुसऱ्यांदा भावजयीनं धान्याचा डबा दाणकन आपटला म्हणून. तिसऱ्यांदा नवऱ्यानं पाया पडून शपथ घेतली म्हणून. बाईंचा बेत बदलला, मन नव्हे. शपथ मोडणाऱ्याला मात्र नोटिशीत कुठलंच विशेषण नाही!

व्हर्डीच्या ‘रिगोलेटो’ या इटालियन संगीतिकेची आठवण झाली. १८५१ साली ती व्हेनिसमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आली. तिच्यात बाईची जात कशी चंचल, असं एक जगप्रसिद्ध गाणं आहे. ते गातो कोण? तर रोज नवी बाई शोधणारा ड्यूक!

शुक्रवारी बाई पुन्हा आल्या. मी त्यांना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती दिली. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी संसार केलेल्या घरात राहण्याचा हक्क या कायद्यानं बायकोला आहे, त्यासाठी न्यायालयाकडे दाद मागता येते. माहेर की सासर, या येरझाऱ्यांपलीकडेही वाट आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोफत विधी सेवा केंद्राचा पत्ताही दिला.

मग ‘फिकल’चा खरा अर्थ सांगितला. आडपडदा न ठेवता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘उत्तर देताना लिहायला सांगा वकीलबाईंना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘की तीनदा परत गेले, हे खरंय. पण प्रत्येक वेळी त्याच घरात गेले, त्याच माणसाकडे.’’

जाताना त्यांनी माझ्याकडून खोडरबर मागून घेतलं आणि त्या शब्दाखालची पेन्सिलीची रेघ पुसून टाकली.