पिवळा गुलाब गुलाबी कसा झाला?

दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात एक गुलाबाचं रोप आलं. टपोरी, पिवळीधमक फुलं! पहिला हिवाळा मजेत गेला. मग पावसाळ्यात रोपाच्या अगदी बुडाशी एक नवा फुटवा आला. लांबसडक, तरतरीत. आम्ही खूश! "बघा, कसा जोर धरलाय," म्हणून शेजाऱ्यांनाही दाखवून झालं. दिवाळीनंतर त्या फांदीवर कळ्या आल्या, उमलल्या आणि निघाल्या चक्क फिक्या गुलाबी! पुढच्या उन्हाळ्यात वरच्या पिवळ्या फांद्या वाळून गेल्या. उरलं फक्त गुलाबी फुलांचं झुडूप.

भाचीनं लगेच निकाल दिला, "मामा, रोपवाल्यानं तुला फसवलं."

दोस्तांनो, तुमच्याही घरी हे झालं असेल. पण रोपवाल्याला बोल लावू नका. नर्सरीतला गुलाब म्हणजे बहुतेक वेळा दोन झाडं असतात. खालची मुळं एका काटक गुलाबाची. त्याला म्हणायचं खुंट. त्याच्या सालीत छोटीशी चीर देऊन हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवतात आणि पट्टीनं घट्ट बांधतात. यालाच डोळा भरणं म्हणतात. रंगीत, नाजूक जातींची मुळं बऱ्याचदा अशक्त असतात, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या पायावर उभं करायचं. आता खुंटाला फुटवा आला आणि तो आपण काढला नाही, तर तो मुळांकडून येणारं पाणी आणि अन्न स्वतःकडेच ओढून घेतो. वरचा पाहुणा उपाशी राहतो. आमच्या पिवळ्याचं तेच झालं.

मग हा गुलाबी कोण? ओळखीच्या माळीकाकांनी फूल हुंगलं आणि म्हणाले, "एडवर्ड!" आपल्याकडे आणि दक्षिण भारतात खुंटासाठी वापरला जाणारा हा जुना गुलाब. (खुंट एडवर्डचाच असेल असं नाही हं! बुडातून पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके आले, तर तो मल्टीफ्लोरा समजा.)

एडवर्ड हे नाव वाचून तो इंग्रज राजाच्या बागेतला वाटतो ना? तसं नाही. त्याचं कूळ शोधायला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जावं लागतं. हे बेट फ्रेंचांचं, त्याचं जुनं नाव बूर्बाँ. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण घालत. एक गुलाब दमास्क जातीचा, सुवासिक, आणि दुसरा चीनमधून आलेला. कुंपणात दोघे शेजारी शेजारी, मग मधमाश्यांनी आपलं काम केलं. त्यातून एक नवाच गुलाब निपजला. बेटावर त्याला 'एदुआर' म्हणत. आपल्याकडचा एडवर्ड तोच, असं बरेच जाणकार मानतात. १८१७ मध्ये ब्रेऑन नावाचे वनस्पतितज्ज्ञ बेटावर आले. त्यांनी या गुलाबाचं बी पॅरिसजवळ न्यूयी इथले माळी जाक यांच्याकडे पाठवलं आणि युरोपात बूर्बाँ गुलाबांचं घराणं सुरू झालं.

पण खरी कमाल आहे ती कुंपणातल्या त्या चिनी गुलाबाची. त्याचं इंग्रजी नाव 'ओल्ड ब्लश'. ब्लश म्हणजे लाजल्यावर गालांवर चढते ती लाली. नाव अगदी शोभून दिसतं! युरोपातले जुने गुलाब ऊन लागलं की फिके पडत. याचं उलटं. कळी फिकी उमलते आणि ऊन खाऊन पाकळ्यांवर गडद गुलाबी चढत जाते. फूल काही फार मोठं नाही, पाकळ्या जरा सैलसर, वास मंद, काटेही बेताचेच. प्रदर्शनात ठेवलं तर कुणी बक्षीस देणार नाही.

मग एवढं कौतुक कशाचं? चीनमधलं त्याचं नाव ऐका : 'युए युए फेन', म्हणजे 'दर महिन्याचा गुलाबी'. १७९३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पार्सन्स नावाच्या गृहस्थांच्या बागेत तो फुलला, तेव्हा लोक चकित झाले. कारण तिथले गुलाब उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा फुलत आणि मग वर्षभर नुसती पानं. एक दमास्क तेवढा शरद ऋतूत पुन्हा थोडीफार फुलं देई. हा चिनी पाहुणा मात्र थंडी पडेपर्यंत थांबायलाच तयार नाही!

असं का, हे कळायला २०१२ साल उजाडलं. गुलाबात एक जनुक असतं, त्याला शास्त्रज्ञांनी 'केएसएन' असं नाव दिलंय. ते सायकलच्या ब्रेकसारखं काम करतं. वसंतातला बहर संपला की ते फांदीला सांगतं, "आता फुलं पुरे, नुसती वाढ." चिनी गुलाबात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक परका तुकडा कधीतरी येऊन बसला आणि ब्रेक निकामी झाला. आता प्रत्येक नव्या फांदीच्या टोकाला कळी! आज बाजारात बारमाही फुलणारे जे गुलाब मिळतात, त्यांच्यात हा बिघडलेला ब्रेक ओल्ड ब्लश आणि त्याच्या चिनी भावंडांकडून आला. आमचा पिवळासुद्धा त्यांचाच वंशज. म्हणजे वरचा पाहुणा आणि खालचा खुंट नात्यातलेच निघाले! २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी गुलाबाची संपूर्ण जनुकीय कुंडली वाचली, तीही ओल्ड ब्लशचीच. त्यात ३६ हजारांहून जास्त जनुकं सापडली.

आणि काटकपणा म्हणाल तर विचारू नका. कडाक्याचा बर्फ तेवढा त्याला सोसत नाही. उन्हाळा, पाण्याची ओढ, मालकाची हयगय, सगळं चालतं. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात १९८० नंतर काही बागप्रेमींची एक टोळी तयार झाली. त्यांनी गमतीनं स्वतःला नाव घेतलं 'गुलाबचोर'! पडकी घरं, जुनी दफनभूमी असं हिंडून विस्मरणात गेलेले गुलाब शोधायचे, परवानगी घेऊन दोन फांद्या कापायच्या आणि घरी लावायच्या. कुणी पाणी घालत नाही, कुणी छाटत नाही, तरी तिथे जे जुने गुलाब फुलत होते, त्यांत ओल्ड ब्लश होता. तो टिकला कसा? एक कारण तुम्हाला आता ओळखता येईल. तो फांदीपासून सहज लागतो, त्याला खुंट लागत नाही. जमिनीपर्यंत मोडला तरी मुळांतून पुन्हा तोच फुटतो.

तेव्हा आज शाळेतून आलात की कुंडीतल्या गुलाबाच्या बुडाशी वाकून बघा. जिथे डोळा भरलाय तिथे खोडाला गाठ दिसेल. गाठीच्या वरचा फुटवा आपला, खालचा खुंटाचा. खालचा असेल तर माती जरा उकरून तो मुळाशी धरून ओढून काढा (काट्यांसाठी हातमोजे, आणि बरोबर आई किंवा बाबा). नुसता वरून कापलात तर तो दुप्पट जोरानं येतो. हा आमचा अनुभव आहे.

पिवळा तर गेला. एडवर्डला मात्र आम्ही उपटलं नाही. पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर देऊन आईनं गुलकंदाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवली आहे, आणि भाची रोज झाकण उघडून बघते आहे.