यात्रेतला तमाशा रात्री १०लाच का थांबतो? कात्री नेमकी कशावर लागते, जाणून घ्या

गुढीपाडवा जवळ आला की चाकण पट्ट्यातल्या गावांत यात्रेच्या बैठका बसतात. वर्गणी ठरते, कुस्त्यांचे इनाम ठरतात. मग मुख्य प्रश्न येतो, यंदा तमाशा कोणाचा? उत्तर याच पुणे-नाशिक महामार्गावर, पुढे नारायणगावात मिळतं.

विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांचं हे गाव. हंगामात इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं ऑफिसच. गावकारभारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि विसार देऊन सुपारी पक्की करतात. एकाच तिथीला अनेक गावांची यात्रा आली की भाव चढतो. पावसातल्या कॅबसारखंच.

पूर्वी हा खेळ रात्रभर रंगायचा. आधी गण, मग मावशी आणि पेंद्याची गवळण, सोंगाड्याची बतावणी, लावण्या, फर्माइशी आणि शेवटी वग, म्हणजे अख्खं नाटक. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये आणि अमेरिकेच्या व्हॉडव्हिलमध्येही गाणं, नाच, विनोद असे सुटे प्रकार एकाच तिकिटात मिळत. सिनेमानं त्यांचा प्रेक्षक नेला. तमाशानं उलट सिनेमाची गाणीच फडावर आणली आणि तो तगला.

आताची अडचण घड्याळाची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण गावोगावच्या यात्रा त्यात बसणार कशा? पालखी, जेवणं उरकून ढोलकी ९ वाजता कडाडली, तर हातात उरतो एक तास. गण टाळता येत नाही, गाण्यांशिवाय पब्लिक ऐकत नाही. साहजिकच कात्री लागते ती वगावर. राजा, प्रधान, खलनायक रंगवणाऱ्या कलाकारांचं खरं काम तिथंच असतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रांचे हंगामच बुडाले, त्या फटक्यानंतर हे कलाकार टिकवणं फडमालकाला आणखी जड जातं.

एक वाट जुन्याच प्रथेत आहे. अनेक गावांत यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात, दुपारी कुस्त्या. दिवसा १०ची अट आड येत नाही. कंपनीत पहिल्या पाळीला गेलेल्यांची हजेरी मात्र तिकडे लागलेली असते.