आडनाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला का? इंग्लंडच्या गावनोंदींतून कुळाचा शोध

आजचा विषय आपल्या घरापासून लांबचा आहे, पण समजायला अवघड नाही. इंग्लंडमधला एखादा साधा माणूस घ्या. शेतमजूर म्हणा, विणकर म्हणा, ज्याच्या घरात जहागीर नाही की सरदारकी नाही. त्याचे पूर्वज तीन-चारशे वर्षं मागे शोधता येतात का? बऱ्याचदा येतात. पण शोधताना बहुतेक लोक एकाच ठिकाणी फसतात. ते ठिकाण म्हणजे आडनाव.

तिथली आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची. गावावरून किंवा जागेवरून पडलेली, जसं हिल, वुड. आपल्याकडच्या 'कर' लावणाऱ्या नावांसारखीच ही. धंद्यावरून पडलेली, स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. बापाच्या नावावरून पडलेली, जॉन्सन, विल्यम्स. आणि टोपणनावावरून पडलेली, रंगावरून ब्राउन, उंचीवरून लाँग. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यानंतर हळूहळू ही नावं बापाकडून मुलाकडे जायला लागली. साधारण १४०० पर्यंत इंग्लंडच्या बऱ्याच भागात ती स्थिरावली होती, उत्तरेकडे मात्र थोडी उशिरा.

आता यात एक गंमत बघा. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की ते पाण्यात भिजवून, तुडवून, बडवून दाट करावं लागे. हे काम करणाऱ्याला आग्नेय इंग्लंडमध्ये म्हणत फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे म्हणत टकर, आणि उत्तरेला वॉकर, कारण तो कापडावर चालायचा. धंदा एकच, नावं तीन. म्हणून कुणी टकर आडनावाचा माणूस भेटला तर शोध डेव्हनकडून सुरू करणं शहाणपणाचं. पण एवढंच. आडनाव तुम्हाला दिशा सांगतं, नातं सांगत नाही. प्रत्येक मोठ्या गावात एक वॉकर होता, आणि ते सगळे एकमेकांचे चुलते-पुतणे नव्हते.

काही आडनावं मात्र खरोखर एखाद्या छोट्या मुलखातली असतात. यॉर्कशरमधलं साइक्स घ्या. तिकडच्या बोलीत ओढ्याला 'साइक' म्हणतात. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. २००० साली निष्कर्ष छापून आला. जवळजवळ निम्म्या लोकांचा नमुना एकच निघाला, म्हणजे ते एका मूळ पुरुषाचे वंशज असणार. लोक या निम्म्यावर खूष होतात. मी उरलेल्या निम्म्यांकडे बघतो. कुठे दत्तक, कुठे लग्नाबाहेरचं मूल, कुठे सावत्र बापाचं नाव लावलेलं. आडनाव टिकलं, रक्त बदललं.

मग नातं कशावरून ठरवायचं? नोंदीवरून. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. सुरुवातीच्या वह्या बऱ्याच ठिकाणी कागदाच्या होत्या, त्या खराब झाल्या. १५९८ च्या आदेशानंतर जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेतल्या गेल्या, आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. गावातली वही उंदरांनी खाल्ली असेल, तर बिशपकडची प्रत कधीकधी हाताशी येते.

उदाहरण म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं घर घेऊ. विल्यम शेक्सपिअरचा बाप्तिस्मा स्ट्रॅटफर्डला २६ एप्रिल १५६४ रोजी झाला. आपण जी नोंद बघतो तीही मूळ नाही, नंतर उतरवलेली आहे. जन्मतारीख तिच्यात नाहीच. २३ एप्रिल हा नंतरच्या लोकांचा अंदाज. पुढे १५८२ साली लग्नाच्या परवान्याची नोंद वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात झाली. २७ नोव्हेंबरला लिहिलंय, वधू अ‍ॅन व्हेटली, गाव टेंपल ग्राफ्टन. दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रात वधू अ‍ॅन हॅथवे, गाव स्ट्रॅटफर्ड. नवऱ्याचं आडनावही दोन कागदांत दोन तऱ्हेनं! यावर लोकांनी प्रेमाच्या त्रिकोणाच्या गोष्टी रचल्या. मला साधं उत्तर पटतं: त्याच दिवशी त्या कारकुनापुढे व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचं प्रकरण होतं, तेच नाव हातून पुन्हा उतरलं. कारकून सगळीकडचे सारखेच.

याच घरातला आणखी एक धडा. हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारीला झाला. वहीत साल १५८४, पुस्तकांत १५८५. दोन्ही बरोबर. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी जुन्या सालात धरले जात. हे ठाऊक नसलेला माणूस वही बघून म्हणतो, मूल आधी आणि लग्न नंतर! आणि नाहक कुणाची तरी बदनामी होते.

या जुन्या वह्या त्रोटक असतात. 'जॉन, जॉनचा मुलगा', संपलं. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीला वधूवरांची सही किंवा फुली आली, १८१३ पासून बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहण्याची जागा आली. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी. जनगणनेत १८४१ ला नावं मिळतात, पण मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली. एकोणचाळिसाचा माणूस पस्तिसाचा दिसतो. १८५१ ला खरं वय, नातं आणि जन्मगाव मिळतं. म्हणून शोध नेहमी आजपासून मागे जातो.

गरिबांचा माग सगळ्यात चांगला लागतो तो मात्र पॅरिशच्या पेटीतल्या कागदांत. १६६२ च्या कायद्याने ठरलं, की निराधाराला पोसायचं कुणी, तर त्याच्या 'हक्काच्या' पॅरिशने. हक्क बापाकडून मिळे, बाईला नवऱ्याकडून, किंवा अविवाहित असताना एका धन्याकडे पूर्ण वर्षभर चाकरी केली तर. म्हणून काही गावांत गड्याला एक्कावन्न आठवड्यांवरच ठेवत! कुणी मदत मागितली की दोन न्यायाधीशांपुढे त्याची जबानी व्हायची: जन्म कुठला, बाप कोण, कुणाकडे राबलास. एका पानात अख्खं आयुष्य. मग हद्दपारीचा हुकूम, आणि माणसाची रवानगी.

लग्नाबाहेरच्या मुलाचा हक्क जन्माच्या जागेवर ठरे. त्यामुळे दिवस गेलेल्या अविवाहित मुलीला हद्दीबाहेर घालवण्याची घाई व्हायची, कधी अगदी शेवटच्या दिवसांत. जन्म झालाच, तर बापाचं नाव काढून त्याच्याकडून खर्चाची हमी लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत जिथे फक्त आईचं नाव असतं, तिथे बाप या हमीपत्रात सापडू शकतो. पॅरिशला पैसे वाचवायचे होते, म्हणून हे नाव आपल्यापर्यंत आलं.

आता कामाची गोष्ट. समजा १८५१ ला एक जॉन टर्नर मिळाला, वय साठ, जन्मगाव लिहिलेलं. त्या गावच्या वहीत १७९१ च्या आसपास जॉन टर्नर सापडला, की लोक टाळ्या पिटतात. थांबा. आधी त्याच वहीची दफनाची पानं बघा. तो जॉन दोन वर्षांचा असताना पुरलेला असला, तर तो तुमचा कुणी नाही. मग शेजारच्या पॅरिश बघा, दुसरा जॉन आहे का. आजोबांचं मृत्युपत्र मिळालं तर उत्तम. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांकडे असायची. दोन जॉन उरले आणि निकाल लागत नसला, तर झाड तिथेच थांबवावं. कुणाचा तरी परका आजोबा घरात आणण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

(श्रोत्यांतून प्रश्न: यात आपल्या मुंबई-पुण्याचा काही संबंध येतो का?)

येतो ना. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. डेव्हनमधला एखादा टकर गावच्या वहीत बाप्तिस्म्याला दिसतो आणि पुढे ना लग्न ना दफन. असा माणूस कंपनीच्या पलटणीत गेला असेल, तर त्याची शेवटची ओळ मुंबई इलाख्याच्या या नोंदींत शोधावी.